नेट लावायला नेट लागे

१९९२च्या सुरुवातीला लिनक्सला नेटवर्क ठाऊक नव्हते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये जाहीर केलेले हे कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, फ्लॉपीवरून चालू व्हायचे, फायली वाचायचे, सी भाषेतले प्रोग्रॅम कंपाइल करायचे. पण शेजारच्या टेबलावरच्या संगणकाशी बोलण्याची सोय त्याच्यात नव्हती. तरीही ते वाढत होते इंटरनेटवरच. ठिकठिकाणचे विद्यार्थी विद्यापीठातल्या युनिक्स यंत्रावर बसून ते उतरवून घेत आणि फ्लॉपीत भरून घरी नेत. घरच्या यंत्राला थेट जाळ्यात शिरता यावे, ही ओढ त्यांनाच सर्वांत जास्त होती.

पहिला हात घातला रॉस बिरो यांनी. टीसीपी-आयपीचा कामापुरता भाग आणि वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी ८००३’ या इथरनेट कार्डाचा ड्रायव्हर एवढे त्यांनी लिहिले आणि लिनक्स पहिल्यांदा तारेवर बोलले. बर्कली विद्यापीठाचा तयार, मुरलेला नेटवर्क कोड तेव्हा उपलब्ध होता. तो का उचलला नाही, असा प्रश्न आज पडतो. पण १९९२मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टम लॅबोरेटरीजने बर्कलीच्या कोडवरून खटला भरला होता आणि उद्या त्या कोडवर कुणाचा हक्क निघेल याची खात्री नव्हती. शिवाय सगळे नव्याने लिहून पाहण्याचा उत्साहही दांडगा होता. खटला १९९४च्या सुरुवातीला तडजोडीने मिटला, पण तोवर लिनक्सने आपली वाट धरली होती.

बिरो बाजूला झाल्यावर सूत्रे फ्रेड व्हॅन केम्पेन यांच्याकडे आली. त्यांच्या डोक्यात मोठा आराखडा होता: थरांवर थर रचलेली, पुढे कितीही वाढवता येईल अशी रचना. इकडे वापरणारे मात्र रोज अडत होते. कुणाची जोडणी मध्येच तुटे, कुणाचे यंत्र गोठे. वेल्समधल्या स्वान्सीच्या अ‍ॅलन कॉक्स यांनी मग वेगळा मार्ग सुचवला. केम्पेन यांनी आपला आराखडा पुढे न्यावा, तोवर आपण त्यांचाच कोड घेऊन त्यातल्या चुका काढू आणि लोकांच्या हातात चालणारी वस्तू देऊ. आधी चालू दे, मग सुधारू, अशी ही भूमिका होती. दोन तट पडले, बरीच वादावादी झाली आणि टोरवाल्ड्सने कॉक्स यांच्या बाजूने कौल दिला. १४ मार्च १९९४ रोजी लिनक्स १.० आले तेव्हा त्यात नेटवर्क होते. केम्पेन यांच्यावर अन्याय झाला असे मला वाटत नाही, पण त्यांचे श्रम विसरले जातात याचे वाईट वाटते. पुढची कितीतरी वर्षे प्रत्येक लिनक्स यंत्रावर बसणारा ‘नेट-टूल्स’ हा अवजारांचा संच त्यांच्याच हातचा.

त्या संचातल्या ‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘राउट’ या दोन कमांडांनी एक पिढी घडवली. नावे बर्कली युनिक्समधली, १९८०च्या दशकातली. १९९४ साली एखाद्या विद्यार्थ्याने आपले यंत्र प्रयोगशाळेच्या तारेला जोडले की त्याला काय करावे लागे, ते जरा जवळून पाहू. आधी कर्नलला कार्ड सापडले पाहिजे. आयसा पद्धतीच्या कार्डावर इंटरप्ट आणि पोर्टचा क्रमांक बारीक जंपर बसवून ठरवायचा आणि तोच क्रमांक कर्नललाही सांगायचा. आवाजाच्या कार्डाने तोच इंटरप्ट धरला असेल तर दोन्ही गप्प. ते जुळले की ‘आयएफकॉन्फिग ईथ०’ असे लिहून पुढे आपल्या यंत्राचा पत्ता, नेटमास्क आणि ब्रॉडकास्टचा पत्ता द्यायचा. नेटमास्कमध्ये एक आकडा चुकला तर खोलीतली अर्धी यंत्रे दिसत आणि अर्धी दिसत नसत. हा घोळ सापडायला सगळ्यांत अवघड. मग ‘राउट’ने गेटवे सांगायचा, म्हणजे खोलीबाहेर जाणारी पाकिटे कुणाच्या हाती सोपवायची ते. शेवटी ‘/एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत नेमसर्व्हरचा पत्ता लिहायचा, कारण माणूस नावे टाइप करतो आणि यंत्राला आकडे लागतात. पत्ता, वाट आणि नावांची वही एवढ्या तीन गोष्टी. आजही खिडकीआड कितीही सजावट असली तरी मूळ त्याच तीन.

पण हे आकडे आणायचे कुठून आणि चुकले तर विचारायचे कुणाला? छपाई अडली तर नेटवर उत्तर शोधता येते, पडद्याचे रंग बिघडले तरी शोधता येते. नेटच बिघडले तर शोधायला नेट नाही. लिनक्सच्या साऱ्या इतिहासात ही अडचण सारखी पुढे येत राहते, आणि मला हा इतिहास प्रिय आहे तो तिच्यावर लोकांनी शोधलेल्या उपायांमुळे. पहिला उपाय पुस्तकाचा. ओलाफ किर्क या जर्मन तरुणाने ‘लिनक्स नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गाइड’ लिहिले आणि कुणीही छापावे, वाटावे म्हणून मोकळे सोडले. १९९५ साली ओरायली या प्रकाशनसंस्थेने ते छापून विकले, तरी मोकळी प्रत मोकळीच राहिली. या पुस्तकात एक कल्पित बिअरचा कारखाना आहे. त्याच्या यंत्रांना व्हीलागर, व्हीस्टाउट, व्हीएल अशी नावे आहेत आणि वाचक त्या कारखान्याचे जाळे एकेक तार जोडत उभे करतो. नेटवर्कसारखा कोरडा विषय इतक्या मायेने शिकवलेला मी दुसरीकडे वाचला नाही. हे पुस्तक आणि ‘हाउटू’ नावाच्या टिपणांचा गठ्ठा लिनक्सच्या सीडीवरच येई. नेट नसलेल्या माणसाला नेट लावायची विद्या डिस्कवरच मिळे.

आपल्याकडे सीडीचे हे महत्त्व फार होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना परवडे ते शेल खाते, म्हणजे दूरच्या युनिक्स यंत्रावर नुसत्या अक्षरांतले काम. टीसीपी-आयपीचे खाते महाग. फोनलाइनच्या संथ गतीने लिनक्सचे पूर्ण वितरण उतरवून घेण्याचा विचारही कुणी करत नसे. म्हणून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली, तेव्हा त्या पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. या कामात बंगळुरूच्या अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. सीडीतून लिनक्स बसे, पण पुढचे युद्ध मोडेमशी.

बाहेरचा, सिरियल पोर्टाला लावायचा मोडेम असला तर निभे. पीपीपीचा प्रोग्रॅम आणि त्यासोबत ‘चॅट’ची छोटी संहिता लिहायची: अमुक क्रमांक फिरव, पलीकडून ‘लॉगिन’ शब्द आला की नाव दे, मग पासवर्ड दे. फोनची लाइन टोनची की पल्सची, यावर एक अक्षर बदले. पण १९९८नंतर बाजारात आलेल्या स्वस्त यंत्रांत बहुधा आतला मोडेम असे. त्यातले निम्मे काम विंडोजमधला ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घेई. असा मोडेम लिनक्सच्या लेखी मुका. ज्यांनी हौसेने लिनक्स बसवले ते कितीतरी लोक याच पायरीवरून परत फिरले, आणि त्यांना दोष देता येत नाही. पुण्यात, मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले. त्यांच्या बैठकांना लोक आपली सीपीयूची पेटी उचलून आणत, आणि बहुतेकांची तक्रार एकच: बाकी सगळे चालते, नेट लागत नाही.

दरम्यान पत्ता हाताने लिहिण्याचा त्रास दुसऱ्या बाजूने कमी होत होता. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या रॅल्फ ड्रोम्स यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९९३मध्ये डीएचसीपीचा मसुदा आला, १९९७मध्ये तो पक्का झाला. यंत्राने जाळ्यात येताच हाक मारायची: मला कुणी पत्ता देईल का? सर्व्हरने एक पत्ता देऊ करायचा, यंत्राने तो मागून घ्यायचा, सर्व्हरने मान्य करायचा. पत्ता, वाट आणि नेमसर्व्हर तिन्ही एका फेरीत हाती. पत्ता ठराविक मुदतीचा, मुदत संपण्याआधी वाढवून घ्यायचा. इथे पहिल्यांदा असे गृहीत धरले गेले की यंत्र कायम एका जागी राहणार नाही.

लिनक्सच्या वितरणांना हे गृहीतक पचायला वेळ लागला. रेड हॅटमध्ये प्रत्येक कार्डाची एक फाइल, ‘आयएफसीएफजी’ने सुरू होणारी. डेबियनमध्ये सगळ्या कार्डांची मिळून एक, ‘/एटसी/नेटवर्क/इंटरफेसेस’. तीत ‘ऑटो ईथ०’ आणि खाली एक ओळ डीएचसीपीची, की यंत्र सुरू होताना जोडणी लागे. एकाची रीत दुसऱ्याला चालत नसे, आणि मित्राने दिलेला तोडगा आपल्या यंत्रावर लागू पडत नसे तो यामुळेच. १९९९च्या जानेवारीत कर्नल २.२ आले तेव्हा मॉस्कोच्या अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी नेटवर्कमधल्या वाटा ठरवणारा भाग नव्याने लिहिला होता, आणि सोबत ‘आयपी’ ही एकच कमांड दिली. आयएफकॉन्फिगला न दिसणारे जादा पत्तेही तिला दिसत. तरी लोक पुढची पंधरा-वीस वर्षे आयएफकॉन्फिगच टाइप करत राहिले. बोटांना लागलेली सवय!

मग लॅपटॉप आले, वाय-फाय आले, आणि ‘यंत्र सुरू होताना एकदा वाचायची फाइल’ ही कल्पनाच मोडीत निघाली. घरी एक जाळे, कॉलेजात दुसरे, स्टेशनावर तिसरे. मध्ये झाकण मिटून यंत्र झोपलेले. एचपीतले जीन टूरिल यांनी १९९६पासून बिनतारी कार्डांसाठी ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ आणि त्यामागची रचना उभी केली होती. वेप हे वाय-फायचे जुने कुलूप २००१मध्ये फुटले. त्याजागी आलेल्या डब्ल्यूपीएसाठी फिनलंडच्या यौनी मालिनेन यांचा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ आजही वाय-फाय असलेल्या बहुतेक लिनक्स यंत्रांत गुपचूप चालतो. पण तेव्हा त्याची फाइल हाताने लिहावी लागे, आणि जागा बदलली की पुन्हा.

त्याहून मोठे दुखणे ड्रायव्हरचे. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेले लॅपटॉप ढिगाने विकले जात होते, आणि लिनक्ससाठी ना ड्रायव्हर ना माहितीपत्रक. २००३मध्ये पॉन्टस फुक्स यांनी ‘एनडिसरॅपर’ सुरू केला, पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी तो बरीच वर्षे सांभाळला. युक्ती अशी की विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवायचा आणि त्याला वाटू द्यायचे की आपण विंडोजमध्येच आहोत. मुक्त प्रणालीच्या गाभ्यात बंद कोड बसवणे अनेकांना खटके. मलाही खटकते. पण ज्याच्याकडे तेवढा एकच लॅपटॉप होता त्याचे नेट त्यानेच चालले. दुसरीकडे काही कार्यकर्त्यांनी चिपचे वागणे तपासून टिपणे काढली, आणि तो तपास न केलेल्या दुसऱ्या गटाने फक्त त्या टिपणांवरून स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप होऊ नये. जून २००६मध्ये कर्नल २.६.१७सोबत हा ड्रायव्हर आला. इतके करूनही चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा कोड, वाटण्याची परवानगी नव्हती. ते विंडोजच्या ड्रायव्हरातून कापून काढावे लागे, आणि तो ड्रायव्हर उतरवायचा नेटवरून. वाय-फाय लावायला आधी तार हवी, अशी ही गाठ पुन्हा पडली.

रेड हॅटमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘नेटवर्कमॅनेजर’ हा या गोंधळावरचा खरा तोडगा. डॅन विल्यम्स हे त्याचे पुढे अनेक वर्षांचे सूत्रधार. त्यातली महत्त्वाची कल्पना अधिकाराविषयी होती. जोवर जोडणी बदलायला रूटचा पासवर्ड लागे, तोवर नेटवर्क हे प्रशासकाचे खाते होते. नेटवर्कमॅनेजरचा एक भाग पडद्याआड पूर्ण अधिकाराने चालतो आणि पडद्यावरचे छोटे चिन्ह त्याला डी-बस या निरोप्यामार्फत विनंती करते. तार लावली की तारेवर, काढली की ओळखीच्या वाय-फायवर. समोर बसलेल्या माणसाला फक्त नाव निवडायचे.

जुन्या जाणत्यांनी त्याला शिव्या घातल्या, आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती. सुरुवातीच्या आवृत्त्यांत माणसाने लॉगिन केल्याशिवाय वाय-फाय लागत नसे. हाताने लिहिलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ हा बेधडक पुसून टाकी. आपल्याकडच्या लोकांना २००८मध्ये एक वेगळाच फटका बसला. २००५पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोनचे २५६ केबीपीएसचे ब्रॉडबँड घराघरांत आले होते, आणि कितीतरी लिनक्सवाले ‘पीपीपीओईकॉन्फ’ चालवून स्वतःच डायल करत. ही जोडणी नेटवर्कमॅनेजरच्या वहीत नसे. त्याच्या मते नेट बंद, म्हणून त्याला विचारून चालणारा फायरफॉक्स ३ ‘ऑफलाइन’ होऊन बसे. पिंग चालते, मेल येते, ब्राउझर मात्र हटून बसलेला! मेन्यूतली ‘वर्क ऑफलाइन’ची खूण काढायची, एवढाच इलाज, आणि तो कळायला ब्राउझर हवा.

तरीही दिशा नेटवर्कमॅनेजरचीच बरोबर होती. २००८च्या अखेरीस आलेल्या ०.७ आवृत्तीने लॉगिनआधीच्या जोडण्या आणल्या आणि मोबाइल डेटाही आणला. त्या काळात आपल्याकडे यूएसबी डोंगल फोफावले होते. डोंगल लावला की तो आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगे, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात असे. लिनक्स ती सीडी निमूट उघडून दाखवी आणि मोडेम काही दिसत नसे. जोसुआ डिट्झे यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ लिहिला. तो डोंगलला नेमका संदेश पाठवून सीडीचे सोंग टाकायला लावी, मग आतला मोडेम जागा होई. कोणत्या डोंगलला कोणता संदेश, याची यादी जगभरच्या वापरणाऱ्यांनी एकेक नोंद पाठवून वाढवली. २०००च्या दशकाच्या शेवटी खेड्यात नेट म्हणजे डोंगलच, तिथे लिनक्स चालू शकले ते या यादीमुळे.

पुढच्या बदलांत मला तितका जीव दिसत नाही. जानेवारी २०१३पासून ‘ईथ०’ जाऊन ‘ईएनपी३एस०’सारखी, कार्ड कोणत्या बसवर कोणत्या खाचेत आहे ते सांगणारी नावे आली. दोन कार्डे असलेल्या यंत्रात सुरू होताना नावांची अदलाबदल होई, तिच्यावर तो उपाय. २०१७मध्ये उबुंटूने नेटप्लॅन आणले, आणि रेड हॅटने २०२२च्या नवव्या आवृत्तीतून जुन्या स्क्रिप्ट काढून टाकल्या. डेस्कटॉपवर या सगळ्यांखाली काम करतो तो बहुधा नेटवर्कमॅनेजरच. टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय’ हे त्याचे दार.

फर्मवेअरची गाठ मात्र २०२२पर्यंत राहिली. डेबियन हे वितरण मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला घट्ट धरून असते, म्हणून त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसे. फक्त वाय-फाय असलेल्या नव्या लॅपटॉपवर तो चालवला की अर्ध्यावर विचारी: फर्मवेअरची फाइल द्या. ती नेटवर. डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतले आणि ऑक्टोबर २०२२मध्ये निर्णय झाला की फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचे. १० जून २०२३ रोजी आलेले डेबियन १२ हे त्या निर्णयानंतरचे पहिले. तत्त्वाला मुरड पडली हे खरे, आणि ज्यांनी विरोध केला त्यांचा मी आदर करतो. पण निर्णय योग्यच होता, कारण दाराबाहेर उभ्या माणसाला किल्ली घरात आहे असे सांगणे ही मदत नव्हे.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना तुमच्याही वाट्याला हे आले, वाय-फायची खूणच दिसली नाही, तर एवढे करा. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेच्या कार्डासारखा दिसतो, नेटवर्कमॅनेजर त्याच्याकडून पत्ता मागून घेतो, आणि वाय-फायसाठी लागणारे फर्मवेअर त्याच वाटेने उतरवून घेता येते.